अंगणातले पक्षी काय खातात, कसं खातात: ओट्यावर बसून बघायचं कसं

"काय बघायलाव ओ काका रोज सकाळी?" शेजारच्या पोरानं भिंतीवरून वाकून विचारलं. म्हटलं, होला, म्हणजे कबुतराच्या गोतावळ्यातला तो लहान पक्षी, एका मिनिटात किती टोचा मारतो ते मोजायलोय. पोरगं असं हसलं की बास. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच ओट्यावर येऊन बसलं आणि पाच मिनिटांत मलाच सांगायला लागलं, "काका, ह्यो दाणा चावतच नाही की ओ, थेट गिळतोय, आणि ती चिमणी बघा कशी चोचीत फिरवून फिरवून फोडतीय." झालं, त्याला जमलं. पुढचं सगळं ह्याच एका वाक्याचा विस्तार आहे.

कसंय, आजकाल पक्षी दिसला की सगळ्यांचा पहिला प्रश्न "हा कुठला पक्षी?" मग फोन काढायचा, ॲपला आवाज ऐकवायचा, नाव मिळालं की फोन खिशात आणि विषय संपला. मी म्हणतो नावाची घाई नको. आधी तो खातोय कसं ते बघा, कुठं बसून, चोचीचा कुठला भाग वापरून, एकटा का टोळीनं, जमिनीवर का फांदीवर का हवेत. एवढं नीट बघितलं ना तर नाव निम्मं आपोआप कळतं आणि नाही कळलं तरी काही बिघडत नाही. आमच्या गल्लीत चिमणीलाच तीन नावं आहेत, आम्ही चिमणी म्हणतो, शेजारच्या आक्का तेलुगूत पिच्चुका म्हणतात, मागच्या घरातले अण्णा कन्नडमध्ये गुब्बच्ची. चिमणी तिन्ही घरांत सारखीच येऊन दाणे खाऊन जाते.

पहिला आठवडा काहीच ठेवायचं नाही

हे सगळ्यात अवघड आहे कारण आपल्याला लगेच ताटली भरून ज्वारी ठेवायची असते. थांबा. पहिले सात-आठ दिवस नुसतं बसायचं, रोज एकाच जागी, एकाच वेळेला, फक्त पंधरा मिनिटं. माझं परसदार म्हणजे जुळे सोलापुरातलं एका खोलीएवढं, एक शेवगा, एक जास्वंद, कुंडीतून जमिनीत लावलेलं डाळिंब, धुणं धुवायचा दगड, वर विजेची तार आणि शेजारच्यांचा कडुनिंब अर्धा आमच्याकडे झुकलेला. एवढ्यात काय पक्षी येणार असं मलाही वाटलेलं. पहिल्या आठवड्यात अकरा जाती मोजल्या, एक दाणा न टाकता. म्हणजे हे अकरा जण आधीपासून इथं काहीतरी खातच होते, मलाच दिसत नव्हते. आणि ते काय खात होते हे एकदा दाणे टाकायला लागलात की कळणं अवघड होतं, म्हणून आधी हे.

वेळेचं म्हणाल तर उन्हाळ्यात सहा ते आठ. मे महिन्यात आपल्याकडे सहाच्या आतच उजाडतं आणि नऊ वाजले की खेळ खलास, पक्षी चोच उघडी टाकून सावलीत धापा टाकत बसतात. पक्ष्यांना घाम येत नाही, अंगातली उष्णता ते तशी धाप टाकूनच बाहेर काढतात, तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत दुपारी एखादा साळुंकीचा जोडा आ वासून बसलेला दिसला तर तो आजारी आहे असं समजू नका. थंडीत सात-साडेसातला बसलात तरी चालतं. संध्याकाळी ऊन कलल्यावर अंधार पडेपर्यंत परत एक पाळी असते, रात्रभर उपाशी राहायचं असल्यानं झोपायच्या आधी पक्षी भराभर खाऊन घेतात.

लपायचं कसं? पक्ष्याला तुमचे कपडे कुठल्या रंगाचे आहेत यापेक्षा तुमची हालचाल जास्त खुपते. मी पहिल्यांदा मागच्या दाराच्या चौकटीवर जुनी सोलापुरी चादर टाकली, मध्ये धरलेल्या फटीतून बघायचो. आईनं विचारलं धुतलेली चादर आहे का वाळत घातलेली. तीन-चार दिवसांनी चादरीची गरजच राहिली नाही, कारण रोज त्याच जागी तोच माणूस बसतो हे त्यांना कळलं. जाळीच्या खिडकीमागे बसलात तर आणखी सोपं. मोबाईल सायलेंटवर, चहा आधीच पिऊन या.

दुर्बीण लागतेच का तर नाही. परसदार पंधरा-वीस फुटांचं असतं, डोळे पुरतात. पुढं आवड लागलीच तर 8 बाय 42 ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर. जास्त पटीची घेतली की हात हलतो आणि जवळच्यावर फोकस व्हायला त्रास, ते दुकानदार सांगणार नाही.

दाण्याआधी पाणी

सोलापुरात कुणी मला एकच गोष्ट कर म्हटलं तर मी पाणी म्हणीन. आमच्याकडे माणसांनाच नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, पक्ष्यांचं काय. मातीचा परळ घ्या, कुंभाराकडे मिळतो, कुंडीखालची मातीची ताटली असली तरी चालेल. खोली दोन इंचांच्या वर नको, मध्ये एक-दोन खडबडीत दगड ठेवा म्हणजे बारक्या पक्ष्याला उभं राहता येतं आणि पडलेली माशी-मधमाशी पण वर चढते. स्टीलचं भांडं उन्हात भाजतं, प्लॅस्टिकचं हलकं असतं, उलटतं. जागा सावलीची, पण अगदी झुडपाला चिकटून नको कारण मांजर तिथंच दबा धरतं. झुडपापासून आठ-दहा फूट लांब म्हणजे पक्ष्याला उडून जायला वेळ मिळतो. पाणी रोज ओतून द्यायचं, परळ काथ्यानं घासायचा, साबण नको. रोज बदललं तर डासांच्या अळ्यांचं टेन्शन नाही, त्यांना वाढायला आठवडाभर तरी लागतो.

आता परळ ठेवला की पहिला धडा फुकटात मिळतो. चिमणी, बुलबुल, साळुंकी चोचीत घोट घेतात आणि मान वर करून तो खाली उतरवतात, घोट, मान वर, घोट, मान वर. होला आणि पारवा (आपलं नेहमीचं कबुतर) मात्र चोच बुडवून सरळ ओढत राहतात, आपण स्ट्रॉनं ऊसाचा रस ओढतो तसं, मान वर करतच नाहीत. हे एकदा दिसलं की लांबूनसुद्धा, उन्हाच्या झळांत नुसती काळी आकृती दिसत असली तरी होला कोण ते कळतं.

आणि कावळ्यासाठी वेगळा परळ ठेवा, हे मी फार उशिरा शिकलो. कावळा कुठून तरी वाळकी भाकरी, चपातीचा तुकडा आणतो, पाण्यात बुडवतो, मऊ झाली की खातो. हुशारी भारी आहे पण अर्ध्या तासात पाणी म्हणजे आंबील. कधी मटणाचं हाड पण बुडवून गेलाय. कावळ्याचा परळ मी गच्चीच्या कठड्यावर ठेवला, तेव्हापासून खालचा स्वच्छ राहतो. तो खाण्याचे तुकडे कौलात, पाइपाच्या मागे, कुंडीत लपवून ठेवताना पण दिसेल, वर पान किंवा कचरा झाकून. नंतर येऊन काढतो का ते बघा, बऱ्याचदा काढतो.

दाणे ठेवणार असाल तर

इथं माझी फजिती सांगतो. दुसऱ्या महिन्यात मी उत्साहानं मोठ्या परातीत दीड-दोन किलो ज्वारी ओतून ठेवली, दोन दिवस बघायलाच नको. तिसऱ्या दिवशी सत्तर-ऐंशी पारवे. चिमण्या भिंतीवर बसून बघतायत, होले गायब, सातभाई म्हणजे ते टोळीनं फिरणारे मातकट पक्षी तर फिरकलेच नाहीत, ओट्यावर विष्ठेचा थर, रात्री उंदीर. वहीत त्या आठवड्याचं पान उघडलं तर पारवा, पारवा, पारवा. म्हणजे मी पक्षी बघायला दाणे ठेवले आणि बघायचे पक्षीच हाकलून दिले. पारव्यांची वाळकी विष्ठा धूळ होऊन श्वासात जाते, काही लोकांना त्यानं फुफ्फुसाचा गंभीर त्रास होतो, मुंबईत 2025 साली कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला ते आपण सगळ्यांनी बघितलं. घरात दम्याचं माणूस असेल तर आणखी जपा.

म्हणून आता माझा नियम असा: सकाळी एक मूठ, संपली तर संपली, दुसरी नाही. पारवा जड असतो, त्याला पसरट जागा लागते, म्हणून दाणे लहान ताटलीत आणि वर मोठ्या भोकाची जाळी, चिमणी आणि मुनिया (चिमणीहून लहान दाणे खाणारा पक्षी) आत शिरतात, पारवा बाहेर फेऱ्या मारतो. काय ठेवायचं तर बाजरी, राळे, तांदळाची कणी, ज्वारी. राळे भोगीला भातासाठी आणतोच आपण, त्यातले मूठभर बाजूला काढले तरी पुरे. मुनियांना ते बारीक दाणे भयंकर आवडतात. कच्चा तांदूळ पक्ष्याच्या पोटात फुगून तो मरतो असं कुणीतरी सांगेल, खोटं आहे ते, भातशेतातले पक्षी काय शिजवून खातात का.

काय नको तर शेव, फरसाण, खारे दाणे, मसाल्याचं काहीही. शेंगाची चटणी आपल्या सोलापूरची शान असली तरी ती आपल्यालाच. दूध नको, पक्ष्यांना ते पचत नाही. ओलसर, बुरशी आलेले शेंगदाणे तर बिलकुल नको, त्या बुरशीचं विष असतं. आणि ते परदेशी व्हिडिओत दाखवतात तसलं लाल प्लॅस्टिकच्या बाटलीतलं साखरपाणी, ते मुळात हमिंगबर्डसाठी, जो फक्त अमेरिका खंडातच असतो. आपल्या उन्हात साखरपाणी दुपारपर्यंत आंबतं. त्या पैशात एक जास्वंदीचं रोप येतं.

वही कशी ठेवायची

शाळेची दोनशे पानी वही पुरते. माझ्या रकान्यांत असतं: तारीख, वेळ, हवा, पक्षी, किती होते, कुठं खाल्लं, कसं खाल्लं, काय खाल्लं आणि कुणी कुणाला हाकललं. शेवटचा रकाना मी गंमत म्हणून टाकला होता, आता तोच सगळ्यात भरलेला आहे. पूर्ण वाक्यं लिहीत बसलात तर तेवढ्यात पक्षी उडून जातो म्हणून खुणा ठरवा. मी ज म्हणजे जमीन, भ म्हणजे भिंत, फ फांदी, ह हवेत लिहितो. खाण्याच्या रीतीला टो म्हणजे टोचून, गि गिळून, फो फोडून, चो चोखून, आप म्हणजे आपटून. "होला, 2, ज, गि" एवढं लिहायला तीन सेकंद लागतात. जे दिसलं नाही तिथं प्रश्नचिन्ह टाका, अंदाजानं "किडा" लिहू नका. माझ्या पहिल्या वहीत जिथं तिथं किडा आहे, त्यातले निम्मे नुसते बियांचे तुकडे असणार आता वाटतं.

बघायच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही कराव्यात. एक, दर दोन मिनिटांनी सगळ्या अंगणावर एक नजर फिरवायची आणि त्या क्षणी कोण काय करतंय ते लिहायचं. दुसरी, एकच पक्षी धरायचा, बाकी जगबुडी झाली तरी पाच मिनिटं त्याच्यावरून नजर हलवायची नाही. खरी मजा दुसरीत आहे. चिमणी पाच मिनिटांत खाते किती आणि इकडेतिकडे बघते किती ते मोजा. एकटी असली की दर दाण्याला मान वर, आठ-दहाजणी असल्या की निवांत खाते, कारण पहारा वाटला गेलेला असतो. सातभाईंचं तर ह्यापुढचं, टोळी पालापाचोळा उलटत असते आणि एकजण उंचावर बसून राखण करतो, धोका दिसला की कल्ला.

आणि सगळं अंगण एका झटक्यात रिकामं झालं, एकदम चिडीचूप, तर वर बघा. शिक्रा असतो, लहान पक्ष्यांची शिकार करणारा. तोसुद्धा खायलाच आलेला असतो हो, त्याचीही नोंद करायची, पक्षी म्हणजे फक्त दाणे खाणारे असं काही नाही.

चोच बघा, पाय बघा

हा भाग मी लांबवणार आहे, कारण सगळी गंमत इथंच आहे.

चिमणीची चोच आखूड, जाड, ज्वारीचा दाणा कडेला सरकवून फोडते, चुरा खाली सांडतो आणि तो चुरा खायला मुंग्या. मुनिया बाजरी-राळ्याचं टरफल चोचीतच सोलते, ताटलीत दाणे भरपूर दिसतायत म्हणून जवळ जाऊन फुंकर मारा, सगळी टरफलं उडतात. होला आख्खा दाणा गिळतो, फोडायचं काम पोटातले खडे करतात, म्हणूनच तो मध्येच बारीक वाळू उचलताना दिसतो. ह्या दाणे-फळं खाणाऱ्यांत पोपट हा एकटाच असा की पायात धरून खातो, आपण कणीस धरतो तसं. एक चावा, बाकीचं फेकून दिलं, दुसरं फळ. असला उधळा दुसरा नाही.

साळुंकी चालते, चिमणी उड्या मारते, हे कधी बघितलंय का? साळुंकी पाऊल टाकत टाकत गवतातून किडे उडवते आणि पकडते, फळं पण खाते, भात पण खाते, कुत्र्याच्या भांड्यातलं पण खाते. हुप्प्या म्हणजे डोक्यावर तुरा असलेला, तो लांब वाकडी चोच शिलाई मशिनीसारखी मातीत खुपसत जातो, अळी मिळाली की हवेत उडवून घशात. मी त्याच्यासाठीच अंगणात फरशी घालू दिली नाही, घरच्यांशी भांडून. फरशी घातली की हुप्प्या, चिरक, दयाळ, सगळे कटाप.

शिंजीर, म्हणजे तो अंगठ्याएवढा काळा-जांभळा चमकणारा, त्यालाच लोक हमिंगबर्ड म्हणतात. नीट बघा, तो शक्यतो बसूनच खातो, देठावर उलटा लटकून, हवेत तरंगणं अगदी थोडा वेळ. शेवग्याच्या बारक्या फुलात चोच सरळ आत जाते. पण जास्वंदीच्या मोठ्या फुलाशी आला की काय करतो, समोरून जातच नाही, फुलाच्या बुडाला बाहेरून भोक पाडतो आणि तिथून रस ओढतो. म्हणजे परागकण अंगाला लागत नाहीत, फुलाचं काम न करता पगार उचलला. दुसऱ्या दिवशी फुलाचं बूड तपासा, बारीक भोक सापडेल. आणि पिल्लं असली की हाच शिंजीर कोळी आणि बारीक किडे गोळा करताना दिसतो, नुसत्या गोडावर पिल्लू वाढत नाही.

हेच चिमणीचं. मोठी चिमणी दाणे खाते पण पिल्लांना अळ्या भरवते. घरट्याजवळ पंधरा मिनिटं लांबून बसून किती फेऱ्या झाल्या आणि चोचीत काय होतं ते लिहा, हिरवी अळी लोंबकळताना साध्या डोळ्यांनी दिसते. 20 मार्चला चिमणी दिन म्हणून सगळे लाकडी घरटी वाटतात, वाटा, पण शेवग्यावर औषध मारलंत तर त्या घरट्यातल्या पिल्लाला काय मिळणार? पावसाळ्यात शेवग्यावर केसाळ अळ्या येतात, हात लागला की खाज, त्यासुद्धा खाणारे आहेत, कोकिळेच्या गोतावळ्यातले चातक, भारद्वाज. आमच्याकडे चातक एकदाच आला, जूनच्या शेवटी, पण अळ्या खाऊनच गेला.

तारेवर बसणाऱ्यांसाठी वेगळा दिवस ठेवा. वेडा राघू तारेवरून झेपावतो, मधमाशी पकडून परत त्याच तारेवर येतो आणि मग तिला तारेवर आपटतो, घासतो, नांगी आणि विष काढून टाकल्याशिवाय गिळत नाही. चतुर पकडला तर आपटणं कमी, मधमाशीला जास्त, हे मोजून बघा. कोतवाल पण झेपावतोच पण तो दुसऱ्याच्या तोंडचं पळवण्यात पटाईत. खंड्याला लोक तळ्यावर शोधतात, आमचा पांढऱ्या छातीचा खंड्या पाण्यापासून लांब अंगणात सरडे आणि नाकतोडे खातो. गावाबाहेर माळाकडे घर असेल तर खाटीक पण येईल, तो किडा-सरडा बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो, नाव उगाच नाही पडलं.

पक्षी गेल्यावर काय राहिलं ते वाचा

नोकरीमुळे सकाळी बसायला जमत नसेल त्यांनी हे करावं. पेरू किंवा डाळिंब अर्धं खाल्लेलं सापडलं तर आळ लगेच पोपटावर घेऊ नका. पोपट मोठे लचके तोडतो, खाली तुकड्यांचा सडा आणि बरेचदा कच्चंच. बुलबुल पिकलेल्या मऊ जागी वाटीसारखं पोखरतो. खारीच्या दातांच्या जोडीनं रेषा उमटतात. आणि सकाळी झाडाखाली चोथ्याचे चपटे गोळे सापडले तर ती रात्रीची वटवाघळं, रस पिऊन चोथा थुंकतात. डाळिंबाची आमची पहिली चार फळं कुणी खाल्ली ह्यावर घरात दोन आठवडे वाद चालला होता, चौथ्या फळावर खारीचे दात सापडले, पोपट निर्दोष सुटला.

तारेखालची, खांबाखालची जमीन बघा. वेडा राघू, खंड्या, खाटीक न पचलेलं कवच-हाडं गोळी करून तोंडावाटे टाकतात, वाळलेली गोळी काडीनं फोडली तर किड्यांचे चमकते पंख, पाय निघतात. हातमोजे घालून किंवा नंतर साबणानं हात धुवून. भिंतीवर जांभळी शिट दिसली तर जांभूळ पिकलंय, कुठं ते शोधा. तारेखाली कडुनिंबाचं रोप उगवलं असेल तर ते कुणी लावलं सांगायला नको.

दोन ताटल्यांचा प्रयोग

कागदावर सोपा, करताना शंभर चुका होतात. एकसारख्या दोन ताटल्या, एकीत 100 ग्रॅम ज्वारी, दुसरीत 100 ग्रॅम बाजरी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून. दोन तासांनी उरलेलं तोला, पण टरफलं फुंकून आणि बाहेर सांडलेलं गोळा करून, नाहीतर आकडा फसवतो. दुसऱ्या दिवशी ताटल्यांच्या जागा अदलाबदल करा, हे विसरू नका. मी पहिल्यांदा विसरलो आणि आठवडाभर "चिमणीला बाजरीच आवडते" म्हणत फिरलो, नंतर कळलं डावीकडची ताटली सावलीत होती म्हणून ती संपत होती, आत काहीही ठेवलं तरी. खार आली तर त्या दिवसाचा आकडा बाद. मुंग्यांसाठी ताटलीखाली पाण्याची वाटी. निदान दहा दिवस करा, दोन दिवसांवरून काही ठरवू नका.

वर्षभर एकच अंगण

जानेवारी-फेब्रुवारीत पळस, पांगारा फुलतो, शेवगा पण बहरात, शिंजीर आणि साळुंक्यांची चंगळ. ह्याच दिवसांत शेतात हुरडा आणि हुरड्यावर भोरड्या. गुलाबी-काळ्या, हजारोंच्या थव्यानं वळणं घेत जाणाऱ्या, शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर उभा. शिव्या खातात बिचाऱ्या, पण त्या नुसती ज्वारी खात नाहीत, नाकतोडे पण फस्त करतात, त्यांची पिल्लं मध्य आशियात होतात आणि चीनच्या शिनजियांगात तर टोळ आवरायला त्यांच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून देतात. आपल्याकडे एप्रिलपर्यंत गायब. शहरात संध्याकाळी वर बघितलं तरी थवे दिसतात.

उन्हाळा पाण्याचा. मे-जूनमध्ये निंबोळ्या पिकल्या की कडुनिंबाखाली बसा, बुलबुल, कोकीळ, साळुंकी सगळे वर. तांबट मात्र उंबराकडे, टुक टुक ऐकू येतो, दिसत नाही.

आणि जूनचा पहिला मोठा पाऊस. त्या संध्याकाळी कामं सोडून अंगणात या. वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून धुरासारखे वर येतात आणि वर्षभर दाणे खाणारी चिमणी हवेत वेडीवाकडी उडून किडे पकडायला लागते, कावळा पकडतो, साळुंकी पकडते, कोतवाल तर घरचं लग्न असल्यासारखा. वीस मिनिटांत संपतं सगळं. मी दोन वर्षं चुकवलं, तिसऱ्या वर्षी ऑफिसातून अर्धी रजा टाकली, कारण विचारल्यावर पोट बिघडलं म्हटलं.

जुलैत कावळा स्वतःपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या, सतत ओरडणाऱ्या पिल्लाला भरवताना दिसला तर ते कोकिळेचं. पितृपक्षात कावळ्याचं पान ठेवता तेव्हा आधी काय उचलतो लिहून ठेवा, आमच्याकडे तीन वर्षं पहिला वडाच गेलाय, भात शेवटी. नोव्हेंबरात 5 ते 12 तारखेला पक्षी सप्ताह असतो, 5 हा आपल्या सोलापूरच्या अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 हा पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. फेब्रुवारीत जगभर अंगणातल्या पक्ष्यांची चार दिवसांची गणना होते, एका जागी किमान पंधरा मिनिटं बसून मोजायचं आणि ई-बर्ड ह्या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी टाकायची. पंधरा मिनिटांची सवय तर तुम्हाला एव्हाना लागलेली असते.

काही गोष्टी करायच्याच नाहीत

घरट्याजवळ जाऊन फोटो नको, फ्लॅश तर नकोच. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवू नका, तो खाणं सोडून भांडायला येतो, मग तुम्ही बघताय काय? मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नका, एकदम दोन-चार मेलेले दिसले तर जनावरांच्या दवाखान्यात कळवा. पोपट पिंजऱ्यात ठेवून त्याचं खाणं बघणं हा अभ्यास नाही, गुन्हा आहे, वन्यजीव कायद्याखाली. आणि गावाला जाणार असाल तर दाण्याची काळजी करू नका, त्यांची पोटं आपल्या एका मुठीवर नाहीत, पण उन्हाळ्यात पाण्याचं मात्र कुणाला तरी सांगून जा. मी आक्कांना सांगतो. मागच्या मे महिन्यात चार दिवसांनी परत आलो तर परळ भरलेला, बाजूला आक्कांनी कोळशानं भिंतीवर रेघा मारलेल्या. विचारलं हे काय, तर म्हणाल्या पिच्चुका किती वेळा आल्या ते मोजलं, सकाळच्या ह्या, संध्याकाळच्या त्या. वेळ लिहायची राहिली होती तेवढी, पुढच्या वेळेला घड्याळ बघा म्हटलं.